बारा-तेरा वर्षांच्या मुलांचं क्लासिकल ख्रिस्ती होमस्कूलिंग : काय धरावं, काय सोडावं

तुमचे प्रश्न थोडक्यात असे. मुलगी बारा पूर्ण करते आहे, आजवर घरीच साध्या पाठ्यपुस्तकांवर शिकली आणि पुढची तीन वर्षं तुम्हाला क्लासिकल ख्रिस्ती पद्धतीनं, म्हणजे बायबलसोबत लॅटिन, तर्कशास्त्र आणि प्राचीन साहित्य धरून, शिकवायची आहेत. लॅटिनला उशीर झाला का? तर्कशास्त्र तुम्हीच कधी शिकला नाहीत, तर शिकवणार कसं? ग्रीक देवदेवतांच्या गोष्टी ख्रिस्ती घरात कशाला? आणि मुलगी हल्ली प्रत्येक गोष्टीवर उलट बोलते, अगदी रविवारच्या प्रवचनावरही, त्याचं काय करायचं? मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीची उत्तरं त्यातच अडकलेली आहेत.

ती उलट बोलते आहे म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर आला आहात. ज्या निबंधावरून आजची ही चळवळ उभी राहिली, तो डोरोथी सेयर्स यांनी 1947 मध्ये ऑक्सफर्डला वाचला. बाई रहस्यकथा लिहायच्या, पुढे दान्तेचं भाषांतरही त्यांनी केलं. मध्ययुगातलं ट्रिव्हियम, म्हणजे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही त्रयी, त्यांनी मुलांच्या वाढीच्या तीन टप्प्यांवर बसवून दाखवली. आधी पोपटासारखं पाठ करण्याचं वय, मग मोठ्यांच्या चुका पकडण्याचं आणि हुज्जत घालण्याचं, आणि शेवटी स्वतःचं काही मांडण्याचं. मधल्या वयाचं उपद्रवमूल्य फार मोठं असतं, हेही त्यांनी गमतीनं नोंदवलं आहे. पुढे 1981 मध्ये अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या मॉस्को या गावी लॉगोस स्कूल सुरू झालं, नव्वदच्या दशकात ही कल्पना होमस्कूलिंग करणाऱ्या घरांत पसरली आणि आज तिच्यावर तयार अभ्यासक्रमांचा मोठा बाजार उभा आहे.

त्या बाजारात शिरण्याआधी दोन गोष्टी माहीत असू द्या. आपली बालमानसशास्त्राविषयीची मतं रूढ शास्त्राला धरून नाहीत, हे सेयर्स यांनी स्वतःच कबूल केलं होतं. त्यांनी स्वतःचं बालपण आठवून हे टप्पे मांडले. दुसरं म्हणजे मध्ययुगात ट्रिव्हियमचा वयाशी असा नेमका संबंध नव्हता. पाचव्या शतकातला मार्टियानस कॅपेला असो की सहाव्यातला कॅसिओडोरस, त्यांच्या लेखी या शिकण्याच्या विद्या होत्या. पुढे अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार विद्या धरून एकूण सात. म्हणून ‘आमचा व्याकरणाचा टप्पा हुकला’ ही भीती मनातून काढून टाका. बाराव्या वर्षी लॅटिन सुरू करणारी मुलगी लॅटिनमध्ये पाठांतराच्या टप्प्यावर असते आणि त्याच दुपारी इतिहासात तर्काच्या. दोन्ही एकाच घरात सुखानं नांदतं.

माझं स्पष्ट मत असं की या तीन वर्षांत एकच गोष्ट साधायची आहे: मुलीला प्रामाणिकपणे वाद घालता आला पाहिजे. आधी समोरच्याचं म्हणणं नीट ऐकणं, मग त्यातला युक्तिवाद उलगडणं, तो कुठे पक्का आणि कुठे कच्चा ते दाखवणं आणि स्वतः चूक असेन तर मागे येणं. पुस्तकांची यादी, कालरेषा, नकाशे, पाठांतराची गाणी हे सगळं त्या खालोखाल. पुष्कळ पालक उलटं करतात. कपाट भरतात, वेळापत्रक रंगवतात आणि ज्या तासाला मुलीसमोर बसून तिचा प्रश्न झेलायचा तो तास व्हिडिओवर ढकलतात.

आता तर्कशास्त्र. तुम्हाला ते येत नाही याची काळजी करू नका. बायबल उघडा आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय घ्या. जन्मांध माणसाला येशू दृष्टी देतो, तो दिवस शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या पवित्र विश्रांतीचा असतो आणि परूशांमध्ये, म्हणजे नियमशास्त्राबाबत काटेकोर यहुदी पंथात, फूट पडते. सोळाव्या वचनात एका गटाचं म्हणणं येतं की हा माणूस देवाकडचा नाही, कारण तो शब्बाथ पाळत नाही. मुलीला हे वाक्य सुटं करायला सांगा. त्यात न उच्चारलेलं एक आधारविधान आहे: देवाकडचा प्रत्येक माणूस शब्बाथ पाळतो. हा शब्बाथ पाळत नाही. म्हणून हा देवाकडचा नाही. युक्तिवादाचा सांगाडा तपासा. तो निर्दोष आहे! दोन्ही विधानं खरी मानली तर निष्कर्ष टाळता येत नाही. इथे मुलं चपापतात, कारण ‘परूशी चुकीचे’ एवढं त्यांना आधीच ठाऊक असतं आणि चूक कुठे आहे ते मात्र सापडत नाही. मग हळूहळू लक्षात येतं की चूक सांगाड्यात नाही, दुसऱ्या विधानात आहे. शब्बाथ पाळणं म्हणजे नेमकं काय, हाच तर सगळा वाद आहे. युक्तिवादाचा आकार बरोबर असणं आणि त्यातली विधानं खरी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षात एवढं जरी अंगी मुरलं तरी पुष्कळ झालं.

त्याच वचनात दुसरा गट विचारतो की पापी माणसाला अशी चिन्हं कशी करता येतील. हा दुसरा युक्तिवाद. त्यातलं लपलेलं विधान मुलीनं शोधावं. मग तिसाव्या वचनापासून तो बरा झालेला माणूस स्वतःच बोलू लागतो: हा देवाकडचा नसता तर याला काहीच करता आलं नसतं, पण यानं तर माझे डोळे उघडले. अख्ख्या अध्यायातला हा सर्वांत नीट मांडलेला युक्तिवाद, आणि तो मांडणारा कालपर्यंत भीक मागत बसलेला. त्याला उत्तर काय मिळतं? तू पापात जन्मलेला, तू आम्हाला शिकवतोस काय? आणि ते त्याला बाहेर घालवतात. युक्तिवादाला हात न लावता माणसावरच घसरणं हा तर्कदोष यापुढे व्याख्या देऊन शिकवावा लागत नाही. या एका अध्यायावर सावकाश आठवडाभर बसा.

पुढे रीतसर आकारिक तर्कशास्त्राचं एखादं पुस्तक घ्याच, पण शक्यतो तेराव्या वर्षी. विधानांचे चार प्रकार, विरोधाचा चौकोन (ती विधानं एकमेकांशी कशी जुळतात किंवा भिडतात ते दाखवणारी आकृती), सिलॉजिझमची, म्हणजे दोन विधानांवरून तिसरं काढणाऱ्या युक्तिवादाची, रचना, एवढं त्यात येतं. सिलॉजिझमचे 256 आकार होतात आणि परंपरेनं त्यांतले 24 वैध मानले जातात. ते पाठ करून घेण्याचा हट्ट नको, वैध-अवैध ओळखण्याचे नियम लावता आले की झालं. ‘सगळे ख्रिस्ती प्रार्थना करतात, हा प्रार्थना करतो, म्हणून हा ख्रिस्ती’ यात गफलत कुठे आहे ते तिला चित्र काढून दाखवता यावं. पुष्कळ अभ्यासक्रम तर्कदोषांच्या यादीपासून सुरू होतात, कारण ते मजेचं असतं. मी ते मुद्दाम नंतर घेते. दोषांची नावं आधी हातात पडली की मूल दुसऱ्यांच्या बोलण्यात दोष हुडकत फिरतं. स्वतःचा युक्तिवाद कसा बांधायचा हे राहूनच जातं. जेवताना धाकट्या भावावर ‘हा तर्कदोष आहे’ म्हणून डाफरणारी मुलं मी पुरेशी पाहिली आहेत.

त्यावर घरात एक नियम करा आणि तो आई-बाबांनाही लागू ठेवा. समोरच्याचं खंडन करण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि त्यानं ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे नवं काही नाही. तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस याची लिहिण्याची रीत हीच आहे. प्रश्न मांडायचा, आपल्या मताविरुद्धचे सर्वांत वजनदार आक्षेप आधी लिहायचे, मग त्या आक्षेपांविरुद्धचं एखादं प्रमाण, मग आपलं उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाला जबाब. या चौकटीत एका पानाचं लेखन महिन्यातून एकदा करून घ्या. विषय खरा असावा. उदाहरणार्थ, यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब खोटं बोलून इस्राएलच्या हेरांना वाचवते; ते योग्य होतं का? चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन याच्या मते खोटं बोलणं कधीच योग्य नाही. राहाबला फळ मिळालं ते तिच्या दयेचं, खोटेपणाचं नव्हे. त्याच्याच काळातला संन्यासी जॉन कॅसियन याच्या लेखनात प्रसंगी खोट्याला जागा देणारी बाजू मांडलेली आहे. मंडळीतच, म्हणजे चर्चमध्येच, इतके जुने मतभेद आहेत आणि तरी दोघंही शास्त्रवचनांना प्रमाण मानत होते, हे बाराव्या वर्षी कळलेलं बरं.

आता रविवारच्या प्रवचनाकडे वळते. सगळ्या जगाचे युक्तिवाद तपासायला शिकवायचे आणि आपल्या घरातल्या, आपल्या मंडळीतल्या बोलण्याला मात्र हात लावू द्यायचा नाही, असं चालत नाही. मूल ते लगेच ओळखतं आणि मग तर्कशास्त्र हा त्याच्यासाठी फक्त परीक्षेचा विषय उरतो. प्रवचनावर तिचा आक्षेप असेल तर तोच नियम लावा: पाळक नेमकं काय म्हणाले ते आधी सांग, त्यांचं आधारवचन कोणतं, त्यातून निष्कर्ष निघतो का. निम्म्या वेळा तिनं नीट ऐकलेलंच नसतं, हे तिचं तिलाच कळतं. उरलेल्या वेळी तिचा प्रश्न रास्त असतो आणि तुम्हाला उत्तर येत नसतं. तेव्हा तसं सांगा आणि दोघी मिळून शोधा. स्वर मात्र सोडू नका. बरोबर मुद्दा उर्मटपणे मांडला तर तो सभ्यपणे पुन्हा मांडायला लावायचा, मुद्दा तिथे दाबायचा नाही.

ग्रीक-रोमन साहित्याचा प्रश्न तुमच्या आधी अठराशे वर्षं चर्चेत आहे. जेरुसलेमला अथेन्सशी काय देणंघेणं, असं सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन यानं विचारलं होतं, आणि तेही ग्रीक-रोमन वक्तृत्वकलेत मुरलेल्या लेखणीनं. ऑगस्टीननं निर्गमातला दाखला दिला: इस्राएल लोकांनी मिसरमधून निघताना तिथलं सोनं-रुपं बरोबर आणलं, तसं परकीयांच्या विद्येतलं खरं ते घ्यावं. मला यात सगळ्यांत बोलका प्रसंग वाटतो तो इसवी सन 362 चा. मूर्तिपूजेकडे वळलेल्या ज्युलियन सम्राटानं फर्मान काढून ख्रिस्ती शिक्षकांना अभिजात साहित्य शिकवायला बंदी केली. त्याचं म्हणणं होतं की ज्या देवांवर विश्वास नाही त्यांची काव्यं शिकवू नका. ख्रिस्ती विद्वान यावर खूश व्हायला हवे होते. पण नाझियान्झसचा ग्रेगरी भडकला आणि रोममधल्या मारियुस व्हिक्टोरिनसनं वक्तृत्वाचं अध्यापन सोडलं. म्हणजे हे साहित्य आपलंही आहे असं ते मानत होते. पौलानंही अथेन्समधल्या अरीयपगावर ग्रीक कवींचं वचन घेतलंच की (प्रेषितांची कृत्ये 17). दानीएल तर खास्द्यांची, म्हणजे बाबेलची, विद्या शिकूनच दानीएल राहिला.

म्हणून होमर वाचा, पण मुलीच्या वयाला झेपेल अशा भाषांतरात आणि तुमच्यासोबत. देवतांचं वागणं तिला खटकलं तर उत्तमच. प्लेटोलाही खटकलं होतं. फक्त प्रत्येक पानावर ‘पाहा, हे किती चुकीचं’ अशी टीप जोडू नका. आधी होमरचा नायक ओदिसियस याला त्याच्या घरी पोहोचू द्या.

एक सावधगिरी मात्र आवर्जून. क्लासिकल ख्रिस्ती म्हणजे युरोपची आरती, असा काही अभ्यासक्रमांचा सूर असतो. ऑगस्टीनचं जन्मगाव आजच्या अल्जेरियात आहे, तर्तुलियन आणि हुतात्मा पर्पेतुआ कार्थेजचे, म्हणजे आजच्या ट्युनिशियातले. चौथ्या शतकातला कवी एफ्रेम यानं आपली स्तोत्रं सिरियाक भाषेत रचली. नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक वैद्यकाची भाषांतरं करणारा हुनैन इब्न इशाक ख्रिस्ती होता. नकाशा तेवढा मोठा ठेवा.

लॅटिनबद्दल: उशीर झालेला नाही, पण अर्धवट करायचं असेल तर न केलेलं बरं. भाषेत नामाच्या पाच गटांची रूपं, क्रियापदाचे चार गण आणि सहा विभक्त्या आहेत. विभक्ती ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही, त्यामुळे तुमची निम्मी भीती उगाच आहे. रोज वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. शनिवारी एकदम दोन तास बसून काही साधत नाही. उच्चार दोन परंपरांचे आहेत, चर्चचा आणि प्राचीन रोमचा. सिसेरोचं नाव एकात चिचेरो होतं, दुसऱ्यात किकेरो. कोणताही एक घ्या आणि त्यावर वेळ घालवू नका. पायाची रूपं पक्की झाली की जेरोमच्या लॅटिन बायबलातला योहान उघडा. ‘इन प्रिंचिपिओ एरात वेर्बुम’ (प्रारंभी शब्द होता) असं छोटं, सरळ वाक्य, आणि अर्थ आधीच ठाऊक. मूल पहिल्यांदा खरं लॅटिन वाचतं तो दिवस मोठा असतो. घरात ग्रीक जाणणारं कोणी असेल तर लॅटिनऐवजी ग्रीक घ्यायलाही माझी हरकत नाही, नव्या कराराची भाषा ती. दोन्ही एकदम मात्र नको.

इतिहासात सनावळ्या आणि कालरेषा चालू ठेवा, पण या वयाची खरी खुराक मूळ कागदपत्रं. माझा आवडता पाठ सांगते. साधारण इसवी सन 112 मध्ये बिथिनिया या आजच्या तुर्कस्तानातल्या रोमन प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी सम्राट त्रायानला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. ते ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र म्हणतात, अशी माहितीही देतो. त्रायानचं उत्तर छोटं आहे: त्यांना शोधून काढू नका, कोणी आरोप केला आणि सिद्ध झाला तर शिक्षा करा, निनावी तक्रारी घेऊ नका. ही दोन पत्रं मुलीपुढे ठेवा आणि विचारा, यात काही विसंगती दिसते का? बहुतेक मुलं थोड्या वेळात तिथे पोहोचतात. मग त्यांना तर्तुलियननं 197 च्या सुमारास काय लिहिलं ते दाखवा: ते गुन्हेगार असतील तर शोधत का नाही, आणि निर्दोष असतील तर शिक्षा कसली? आपल्याला सुचलेलाच मुद्दा एवढ्या जुन्या माणसानं मांडलेला पाहून मुलं फुशारतात. त्यानंतर शहाणा प्रश्न असा: प्रशासक म्हणून त्रायानची अडचण काय असेल? आता ती रोमच्या बाजूनं युक्तिवाद बांधू लागते, आणि तिथेच खरा धडा असतो. इतिहास, तर्क आणि मंडळीचा वारसा हे तीन तास एका पाठात झाले.

लेखनासाठी प्राचीन शाळांतली क्रमवार आखणी अजून तोडीस तोड आहे. चौथ्या शतकातल्या अफ्थोनियसनं चौदा सराव दिले आहेत. सुरुवात बोधकथा आपल्या शब्दांत सांगण्यापासून आणि शेवट एखाद्या कायद्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध मांडणी करण्यात. या वयाला मधले सराव घ्या: एखाद्या कथेचं खंडन आणि मग त्याच कथेचं मंडन, तसंच दोन व्यक्तींची तुलना. बाकीचे नंतर.

गणित आहे ते पुढे चालू द्या, त्यात क्लासिकल म्हणून काही मोडतोड करू नका. भूमितीची वेळ आली की युक्लिडची पहिली काही प्रमेयं मूळ पद्धतीनं करा. पहिल्याच प्रमेयात तो दोन वर्तुळं काढून ती एकमेकांना छेदतात असं गृहीत धरतो, सिद्ध करत नाही. मुलीला ते सापडतं का बघा. विज्ञानात साधं चांगलं पाठ्यपुस्तक, निरीक्षणवही आणि हातानं केलेले प्रयोग पुरतात.

वेळ किती? चार, फार तर पाच तास. ‘पुष्कळ वाचावं, पुष्कळ पुस्तकं नव्हेत’ हे वर आलेल्या प्लिनीचंच वचन आहे. वर्षाला तीन-चार मोठे ग्रंथ सावकाश, मोठ्यानं, थांबत थांबत. तयार अभ्यासक्रम घेतलात तर त्यातलं एक तृतीयांश बेधडक गाळा. तो बनवणाऱ्यानं तुमची मुलगी पाहिलेली नाही. तुम्हाला न येणारा विषय तिच्यासोबत एक धडा पुढे राहून शिका. या वयात मुलांना मोठ्या माणसाला अडखळत शिकताना बघायला मिळणं फारच कमी होतं. वादासाठी मात्र समवयस्क हवेत. आई-मुलीत झालेल्या वादाला नात्याचा रंग चढतोच, म्हणून आणखी दोन-तीन घरं गाठून आठवड्याला एक दुपार को-ऑपची, म्हणजे सगळ्यांनी मिळून घ्यायच्या वर्गाची, ठेवा आणि चर्चा शक्यतो दुसऱ्या मुलाच्या पालकानं घ्यावी. पुढे शाळेत किंवा कॉलेजात प्रवेश घ्यायचा असेल तर तिथे कोणत्या नोंदी आणि परीक्षा लागतात ते आत्ताच विचारून घ्या, चौदाव्या वर्षी धावपळ नको.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिले तीन आठवडे फक्त लॅटिन, योहान 9 आणि ‘आधी समोरच्याचं म्हणणं सांग’ हा नियम, बाकी विषय नेहमीप्रमाणे. चौथ्या आठवड्यात होमर उघडा आणि लेखनाचा पहिला सराव द्या. आकारिक तर्कशास्त्राचं पुस्तक पुढच्या वर्षी आणा, तोवर कपाटात त्याची जागा रिकामी राहिली तरी चालेल.